सुपरचार्जरच्या इंजिनातील ‘मिसिंग’: दोष एकीकडे, संशय दुसरीकडे

गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी उभी असताना इंजिन लयीत चालते. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवला तर तक्रारीला जागाच नसते. चोर्ला घाटाची चढण लागली आणि पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की मात्र दोन-तीन झटके बसतात, गाडीची ओढ तुटते आणि डॅशबोर्डवरचा पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुकू लागतो. पाय काढताच सारे पूर्ववत. गाडी गॅरेजात गेली की स्पार्क प्लग बदलले जातात, आठवड्याने कॉइल, मग इंजेक्टरची सफाई, मग एखादा सेन्सर. बिलांची चळत वाढते आणि झटके तसेच राहतात. सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनात हा दोष साध्या इंजिनापेक्षा अधिक चिवट का ठरतो, याचे उत्तर त्या यंत्राच्या कामाच्या रीतीतच दडलेले आहे, आणि ते कळल्यावर तपासाचा क्रमही बराचसा आपोआप ठरतो.

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट व्हावा लागतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा ठिणगी पडते आणि १०० वेळा मिश्रण पेटते. त्यातला एखादा स्फोट झालाच नाही किंवा अर्धवट झाला, की त्याला मिसफायर म्हणतात. इंजिनाचा संगणक तो कानाने ऐकत नाही. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चकतीसमोर बसवलेला सेन्सर प्रत्येक दात किती वेळाने समोरून गेला ते मोजत असतो. ज्या सिलिंडरचा स्फोट चुकला, त्याच्या पाळीला शाफ्ट किंचित मंदावतो आणि संगणक त्या सिलिंडरच्या नावावर एक नोंद करतो. नोंदी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की दिवा पेटतो. पी ०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरचा, पी ०३०२ दुसऱ्याचा. आणि पी ०३०० म्हणजे दोष एका सिलिंडरला चिकटून न राहता फिरतो आहे. दिवा स्थिर पेटणे ही सूचना असते. तो लुकलुकणे हा इशारा असतो, कारण न जळलेले इंधन धुराड्याकडे जाऊन उत्प्रेरक जाळून टाकण्याइतके वाढल्याचे ते चिन्ह आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कोड फक्त ‘कोठे चुकले’ एवढेच सांगतो, ‘का चुकले’ हे सांगत नाही. पी ०३०३ वाचून तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बदलणे म्हणजे ताप मोजून लगेच औषध देण्यासारखे आहे. कधी गुण येतो, पण तो योगायोग.

सुपरचार्जर ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातल्या कॉनर्सविल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये ज्या हवाफेक्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचा मोटारीशी संबंध नव्हता. मोटारच अजून जन्मायची होती. एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन पाळ्या एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूला ढकलतात, इतकेच ते यंत्र. १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर बसवलेल्या विक्रीच्या मोटारी मांडल्या, तेव्हापासून हे तत्त्व कधी फॅशनमध्ये, कधी अडगळीत असे टिकून आहे. टर्बोचार्जर धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूंवर फिरतो; सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर. त्यामुळे त्याची ओढ पाय दाबताच मिळते आणि त्याची शीळही ऐकू येते. दोघांचे काम मात्र एकच, वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा सिलिंडरमध्ये शिरली असती त्यापेक्षा जास्त कोंबणे.

गोमंतकातील वाचकाला सुपरचार्जर परका वाटण्याचे कारण नाही. पुण्यात जुळणी होऊन भारतभर विकल्या गेलेल्या मर्सिडीज सी-क्लासच्या पाठीवर ‘कॉम्प्रेसर’ ही अक्षरे असत, ती याच यंत्राची खूण. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या आजही भेटतात. ऑडीच्या ३.० टीएफएसआय आणि लँड रोव्हरच्या तीन लिटरच्या व्ही-६ पेट्रोल इंजिनांतही पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जरच होता. मात्र मिसफायरचा तपास समजून घेण्यासाठी सर्वांत बोलके उदाहरण आहे ते ऑक्सफर्डमध्ये २००६ पर्यंत तयार झालेल्या मिनी कूपर एस हॅचबॅकचे. मिनी भारतात अधिकृतपणे आली ती २०१२ मध्ये, आणि तोवर तिने सुपरचार्जर सोडून टर्बो स्वीकारला होता. पण जुन्या कूपर एसचे १.६ लिटरचे इंजिन इतके साधे आणि इतके अभ्यासलेले आहे, की शरीरशास्त्र शिकवायला सांगाडा टांगावा तसे ते उपयोगी पडते. दर फेरीला ४५ घन इंच, म्हणजे सुमारे पाऊण लिटर हवा ढकलणारा ईटन कंपनीचा एम-४५ सुपरचार्जर, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला इंटरकूलर, आणि बॉनेटवर त्याला वारा देणारे तोंड, असा तिचा थाट.

आता मूळ प्रश्न. झटके भार पडल्यावरच का बसतात?

फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिले, की वायूतून ठिणगी उडण्यासाठी किती व्होल्ट लागतील हे दोन टोकांमधील अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. दाब वाढला की तेवढेच अंतर ओलांडायला अधिक विद्युतदाब लागतो. साध्या इंजिनात निवांत चालताना स्पार्क प्लगला काही हजार व्होल्ट पुरतात. सुपरचार्जरने हवा कोंबली, पिस्टनने ती आणखी दाबली, की हीच मागणी वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जाते. कॉइल, वायर, रबरी टोपी, प्लगची चिनी माती यांतला प्रत्येक दुवा तोवर आपले काम करत असतो. मागणी वाढताच विजेला प्लगच्या टोकांमधली उडी अवघड वाटू लागते, आणि ती वायरीच्या चिरेतून, टोपीच्या ओल्या बाजूने किंवा चिनी मातीच्या पृष्ठभागावरून जवळच्या धातूकडे निसटते. म्हणजे सुपरचार्जर दोष निर्माण करत नाही, आधीच असलेला अशक्त दुवा उघडा पाडतो. तोच प्लग आणि तीच वायर साध्या इंजिनात आणखी दोन वर्षे निभावून गेली असती.

म्हणूनच तपासाचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘केव्हा बिघडते’ हा असतो. फक्त भाराखाली, की उभ्या गाडीतही? थंड इंजिनात पहिली काही सेकंदे, की तापल्यानंतर? पावसात अधिक, की नेहमीच? या उत्तरांवर संशयितांची यादी निम्म्याने कमी होते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. चांगला मेकॅनिक गाडी हाती घेताच बॉनेट उघडत नाही, आधी मालकाला बोलते करतो. मालकानेही ‘गाडी मिसिंग करते, बघा जरा’ एवढ्यावर चावी टाकून निघून जाऊ नये. कोणत्या गियरमध्ये, किती फेऱ्यांवर, टाकीत पेट्रोल कधी भरल्यावर झटके बसले याचे चार दिवसांचे टिपण कित्येकदा स्कॅनरपेक्षा अधिक सांगते.

भाराखालीच झटके बसत असतील तर विजेची बाजू आधी. जुन्या कूपर एसमध्ये प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल नाही. एकच कॉइल-पेटी आहे, तिच्या पोटात दोन कॉइल आणि बाहेर चार वायरी. पहिला व चौथा सिलिंडर एका कॉइलवर, दुसरा व तिसरा दुसरीवर. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. एकाची पाळी स्फोटाची असते, दुसऱ्याची धूर बाहेर टाकण्याची. कॉइल दोघांनाही ठिणगी देते आणि दुसऱ्याची वाया जाते. वीज एका प्लगमधून उतरते, इंजिनाच्या धातूतून जाते आणि जोडीदार प्लगमधून परतते. या मांडणीमुळे कोडांच्या जोड्या बोलू लागतात. पी ०३०१ आणि पी ०३०४ एकत्र आले तर प्लगपेक्षा कॉइलचा तो अर्धा भाग किंवा त्या दोन वायरींपैकी एक संशयित ठरते. एकच सिलिंडर सतत दिसत असेल तर त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा इंजेक्टर किंवा त्याचे व्हॉल्व्ह. पहिला आणि दुसरा, किंवा तिसरा आणि चौथा अशी शेजाऱ्यांची जोडी दिसली तर नजर हेड गॅस्केटकडे वळवावी, कारण दोन शेजारी सिलिंडरांमधला गॅस्केटचा अरुंद पट्टा जळाला की एकाचा दाब दुसऱ्यात जातो. दुसरा आणि तिसरा मात्र कॉइलनेही जोडलेले आहेत आणि शेजारीही आहेत. तेथे कोडावर विसंबून चालत नाही, दाब मोजावाच लागतो.

या कॉइल-पेटीची एक खोड प्रसिद्ध आहे. वायरींची टोके तिच्या खुंट्यांवर घट्ट न बसता हळूहळू सैल होतात, फटीत ओल शिरते, धातूवर हिरवट गंज चढतो. गंजाचा थर म्हणजे वाटेतला आणखी एक अडथळा. वायर काढून खुंटीकडे नुसते बघितले तरी निदान होते. पण ते बघण्याआधी कित्येक गाड्यांचे इंजेक्टर बदलून झालेले असतात. खारी हवा, आणि जून ते सप्टेंबर अशी चार महिन्यांची ओल असलेल्या किनारपट्टीवर ही खोड केवळ मिनीची राहत नाही. टर्बोच्या नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि तिची रबरी मान प्लगच्या खोल विहिरीत उतरते. वरच्या कव्हरचे गॅस्केट झिरपू लागले की त्या विहिरीत ऑइल साचते, रबर फुगते, मऊ पडते आणि वीज बाजूने निसटू लागते. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली बारीक काळी रेघ दिसली, तर वीज त्या वाटेने गेल्याची ती साक्ष समजावी. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही. रबरी टोपीच्या आतही तशीच रेघ उमटलेली असते आणि ती नव्या प्लगला काही दिवसांत बिघडवते.

वायरी असलेल्या इंजिनासाठी जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आजही चालते. रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. जेथे वीज गळते तेथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. उच्च दाबाच्या विजेशी खेळ असल्याने हे काम जाणकाराकडेच सोपवावे. ज्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, तेथे याहून सोपा मार्ग आहे तो अदलाबदलीचा. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवायची. कोड तिसऱ्यावरून पहिल्यावर सरकला तर दोष कॉइलचा. तो तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच भाग हलवायचा, हा येथला नियम. दोन भाग एकत्र हलवले आणि झटके थांबले, तर कोणामुळे थांबले हे कधीच कळत नाही.

प्लगच्या निवडीतही गोंधळ होतो. सुपरचार्जरच्या इंजिनाला टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा, म्हणजे ‘थंड’ जातीचा प्लग लागतो. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर अंक जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या बाबतीत नेमके उलट. एका कंपनीचा क्रमांक पाहून दुसऱ्या कंपनीचा ‘तोच’ प्लग घेतला तर गरम प्लग इंजिनात जाऊन बसतो, आणि त्याचे तापलेले टोक ठिणगीची वाट न पाहताच मिश्रण पेटवू शकते. टोकांमधले अंतरही कंपनीने सांगितल्याबरहुकूमच हवे. साध्या इंजिनात चालणारे मिलिमीटरभराचे अंतर दाबाखाली ठिणगी विझवते. सुपरचार्जरवर छोटी पुली चढवून बूस्ट वाढवण्याची हौस जेथे झालेली असते, तेथे हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ती हौस बहुधा सांगितलेली नसते.

विजेची बाजू निर्दोष निघाली की हवेची. सुपरचार्जरपासून इंटरकूलर, तेथून मॅनिफोल्ड असा हवेचा लांब प्रवास रबरी जोडांमधून होतो. कूपर एसच्या इंटरकूलरच्या दोन्ही कडांना रबरी भाते आहेत. ऑइलच्या वाफेने ते कुजतात, पट्टी सैल होते, एका बाजूने निसटतात. उभ्या गाडीत मॅनिफोल्डमध्ये पोकळी असते, तेव्हा चीर आतल्या बाजूला खेचली जाऊन मिटू शकते. भाराखाली दाब वाढला की तीच चीर उघडते आणि आतली हवा बाहेर पळते. त्यामुळे उभ्या गाडीत केलेल्या तपासणीत सगळे ठीक दिसते. अशा गळतीसाठी वाहिनीत थोड्या दाबाने धूर सोडून तो कोठून बाहेर येतो ते पाहणे हा उत्तम उपाय. मर्सिडीजच्या ‘कॉम्प्रेसर’ इंजिनात नेमकी उलट तऱ्हा दिसते. इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत घेणाऱ्या रबरी नळ्या वयोमानाने फुटतात, न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होऊन उभी गाडीच थरथरू लागते. एक दोष भाराखाली दिसतो, दुसरा निवांत असताना. ‘केव्हा’ हा प्रश्न पुन्हा येथे उपयोगी पडतो.

कधी कधी झटका असतो, पण मिसफायर नसतो. सुपरचार्जर पट्ट्यावर सतत फिरत असतो. बूस्टची गरज नसताना त्याची हवा परत मागे वळवण्यासाठी एक बायपास व्हॉल्व्ह असतो. पाय अर्धवट दाबलेला असताना त्याची झडप अडकू लागली की बूस्ट क्षणात येतो, क्षणात जातो आणि गाडी दोरीवरच्या भोवऱ्यासारखी मागेपुढे होते. चालकाला हे मिसिंगच वाटते. पण मिसफायरच्या नोंदी शून्य असतात. ज्या गॅरेजात कोड न वाचता केवळ वर्णनावर काम सुरू होते, तेथे अशा गाडीच्या कॉइल बदलल्या जातात.

स्कॅनर वाचणाऱ्यालाही एक सापळा असतो. ऑक्सिजन सेन्सर धुरातले इंधन मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरची ठिणगी चुकली की त्यातली सगळी हवा न जळता बाहेर येते. सेन्सरला ऑक्सिजन भरपूर दिसतो, संगणक ‘मिश्रण पातळ झाले’ असे समजतो आणि चारही सिलिंडरना जादा पेट्रोल सोडू लागतो. स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती दहा-बारा टक्क्यांनी वर चढलेली दिसते. मेकॅनिक इंधनपंपावर बोट ठेवतो. दोष एका वायरीत असतो. इतर तीन सिलिंडर मात्र त्या जादा पेट्रोलने काळे पडू लागतात आणि मूळच्या एका दोषाचे चार होतात. मिसफायरचा कोड आणि पातळ मिश्रणाचा कोड एकत्र दिसले, तर बहुतेक वेळा आधी मिसफायर सोडवणे शहाणपणाचे असते.

इंधनाची बाजू खरोखर दोषी असेल तर ती गणितातून ओळखता येते. समजा, इंजेक्टरच्या नळीतला दाब ३.५ बार आहे आणि बूस्ट ०.८ बार. इंजेक्टरला ज्या जागी पेट्रोल फवारायचे तेथेच समोरून ०.८ बारचा विरोध उभा राहतो, उरतो २.७. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पेट्रोल सुमारे १२ टक्क्यांनी कमी पडते. म्हणून अनेक इंजिनांत दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी जोडलेली असते. बूस्ट वाढला की इंधनाचाही दाब तेवढाच वाढतो आणि हिशेब जुळतो. ती नळी तडकली, किंवा पंप म्हातारा झाला, की उभ्या गाडीत दाब पुरेसा दिसतो आणि घाटात पेट्रोल अपुरे पडते. त्यामुळे दाब मोजायचा तो गाडी चालवताना, भाराखाली. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर लावलेले मीटर येथे फारसे काही सिद्ध करत नाही.

पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, त्याचाही येथे संबंध येतो, पण लोक समजतात तसा नव्हे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. मिश्रणाला म्हणून तेवढ्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. नीट असलेल्या गाडीचा संगणक ते सहज सांभाळतो. सुपरचार्जरच्या जुन्या गाडीचा पंप आधीच क्षमतेच्या काठावर असेल तर मात्र पूर्ण भाराखाली हीच सात-आठ टक्के भारी पडतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषते. विदेशी असलेल्या मालकाची गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने शेडमध्ये उभी राहिली आणि गणेशचतुर्थीला बाहेर काढताच झटके देऊ लागली, तर कॉइलची किंमत विचारण्याआधी टाकीतले पेट्रोल बदलून पाहावे.

वीज, हवा, इंधन तिन्ही ठीक असूनही एकच सिलिंडर चुकत राहिला, तर प्रश्न यंत्राच्या शरीराचा असतो. प्लग काढून, इंधन बंद करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. येथे आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. कूपर एसचे दाबगुणोत्तर ८.३, तर सुपरचार्जर नसलेल्या तिच्या बहिणीचे १०.६. त्यामुळे साध्या इंजिनाच्या सवयीने आकडा पाहणाऱ्याला चारही सिलिंडर अशक्त वाटू शकतात. ते एकमेकांच्या जवळपास असतील तर चिंता नाही. एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून मागे पडला तर शोध सुरू. मग त्या सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाखाली हवा भरतात आणि ती कोठून पळते ते कान लावून ऐकतात. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर पिस्टन रिंग, धुराड्यातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. इतके सरळ उत्तर देणारी दुसरी चाचणी मोटारीच्या शास्त्रात क्वचितच असेल, तरी ती शेवटी केली जाते, कारण तिला वेळ लागतो आणि नवा सुटा भाग विकण्याची संधी तिच्यात नसते.

कूपर एसमध्ये सुपरचार्जर आणि हेड गॅस्केट यांचे एक आडवळणी नाते आहे. तिचा पाण्याचा पंप पट्ट्यावर नसून सुपरचार्जरच्या मागच्या टोकाशी जोडलेल्या गियरवर फिरतो. त्या गियरच्या पेटीत थोडेसेच ऑइल असते. ते वर्षांनुवर्षे कोणी पाहत नाही, आटते, दाते झिजतात आणि एक दिवस पंप थांबतो. इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते. पुढे रोज सकाळी सुरू करताना गाडी काही सेकंद एका सिलिंडरवर अडखळते, पांढरी वाफ सोडते आणि मग सुरळीत होते, कारण रात्रभरात त्या सिलिंडरमध्ये थोडे कूलंट झिरपलेले असते. कूलंट कमी होत आहे का, एवढे विचारले तरी हे प्रकरण लवकर उलगडते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या ऑडीच्या ३.० टीएफएसआयसारख्या इंजिनात सकाळच्या अडखळण्याचे कारण निराळे असू शकते. तेथे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्या पाठीवर कार्बनचा थर चढतो. पेट्रोलमध्ये टाकायची कोणतीही बाटली तेथवर पोहोचत नाही. मॅनिफोल्ड उतरवून थर खरवडावा लागतो.

क्वचित कोडच खोटा असतो. क्रँकशाफ्टच्या पुढच्या पुलीत कंप शोषणारे रबर असते. कूपर एसमध्ये ते सुटण्याची तक्रार जुनी आहे. पुली डगमगू लागली की पट्टा घसरतो, बूस्ट पडतो आणि शाफ्टच्या फिरण्यात नसलेली मंदी संगणकाला भासू शकते. मर्सिडीजच्या जुन्या ‘कॉम्प्रेसर’मध्ये याहून चमत्कारिक वाट आहे. कॅमशाफ्टच्या चुंबकातून ऑइल झिरपते आणि वायरींच्या आवरणाच्या आतून, वातीत तेल चढावे तसे, दूरच्या जोडांपर्यंत पोहोचते. सेन्सरचा जोड उघडला आणि आत ऑइल दिसले, तर सेन्सर बदलण्यात अर्थ नाही. झिरपणारा चुंबक आधी बदलावा लागतो.

हा सगळा तपास फुरसतीचा नव्हे. लुकलुकत्या दिव्यानिशी बेळगावपर्यंत रेटलेली गाडी घरी येईल, पण न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन पेटते, त्याचे तापमान हजार अंशांच्या पुढे जाते आणि आतले चिनी मातीचे जाळे वितळून वाट बंद होते. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम वापरलेला हा भाग साऱ्या कॉइलींच्या किमतीला भारी पडतो. झटक्यांचे कारण पातळ मिश्रण असेल तर धोका त्याहून मोठा. दाबाखाली कमी पेट्रोल मिळालेला सिलिंडर अति तापतो, मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनची कड वितळायला काही मिनिटे पुरतात. दिवा लुकलुकला की पाय काढावा, बूस्टमध्ये जाऊ नये आणि जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जावे. घाट बाकी असेल तर गाडी ओढून न्यावी.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून चावी हातात देण्याची पद्धत आहे. दिवा विझलेला असतो, पण तो पुसल्यामुळे विझला की दोष गेल्यामुळे, हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी स्कॅनर जोडून, ज्या चढणीवर आणि ज्या गियरमध्ये झटके बसत होते त्याच चढणीवर त्याच गियरमध्ये गाडी पुन्हा न्यावी लागते. अनेक गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची स्वतंत्र मोजणी स्कॅनरवर दिसते. चारही रकान्यांत शून्य आणि इंधनाची दुरुस्ती पूर्वीच्या दहा-बारा टक्क्यांवरून दोन-चारवर आलेली, असे चित्र घाटमाथ्यावर दिसले की मगच बिल चुकते करावे.